फणसची शेपटी

हाटकेश, मीरा रोड
बुधवार, ८ जानेवारी २०२५

चि. स्वप्नालीस,
अनेक आशीर्वाद.

वर 'सौ.' लिहायचं की नाही, या विचारात दोन कागद फुकट गेले. हात सवयीनं 'सौ.'कडेच जात होता. मग आठवलं, तुमचे कोर्टाचे कागद होऊन वर्ष उलटलं. म्हणून नुसतं 'चि.' लिहिलंय. चुकलं असेल तर सोडून दे.

तुझा नंबर आहे माझ्याकडे, पण फोन नको म्हटलं. तू शाळेत असशील, समोर मुलं असतील. आग्नेसबाई बुधवारी आणि शुक्रवारी आमच्या बिल्डिंगखाली मासे घेऊन येतात. त्या पाली गावच्या, आणि तू त्यांच्याच आळीत भाड्यानं राहतेस, हे मांदेली निवडता निवडता त्यांच्याच तोंडून कळलं होतं. म्हणून पत्र त्यांच्या हाती देतेय. कागदाला वास लागला तर माझा इलाज नाही.

काम एवढंच आहे. फणसची शेपटी कापावी लागणार आहे.

घाबरू नकोस. शेपटीचं टोक फुटलंय आणि जखम काही केल्या भरत नाही. कुठेतरी आपटली असेल. घर एवढंसं, जनावर एवढं मोठं, आणि शेपटी म्हणजे लाटण्याच्या वरताण. मलमं झाली, गोळ्या झाल्या, पट्टी बांधली की तासाभरात सोफ्याखाली सापडते. बुद्धभूषण डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आत सडत जाईल. बुडाशी चार बोटं ठेवून बाकीची काढायची. डॉक्टर सरळ माणूस आहे, कुत्रा छान दिसावा म्हणून कुणी शेपटी कापायला आणला तर त्याला दारातूनच परत पाठवतो. पण इथे औषध म्हणूनच कापायची आहे.

आता अडलंय कुठे, तर दवाखान्यातली फाइल तुझ्या नावावर आहे. मी म्हटलं, अहो, त्याला रोज भात कालवून मी घालते, खाली मी फिरवते, सही मी करते की. तर म्हणाले, "काकू, सात वर्षांचा कुत्रा आहे, पूर्ण भूल द्यावी लागेल. फाइल ज्यांच्या नावावर, त्यांची सही आणा." म्हणून सोबत त्यांचा कागद जोडलाय. खाली सही कर आणि शुक्रवारी बाईंकडे दे.

दुसरा काही उपाय नाही. मी विचारलं होतं.

अभिनवला बंगलोरला फोन केला होता. तो म्हणाला, "कापून टाक ना आई, त्यात काय एवढं?" त्याला कशातच काय एवढं नसतं, हे तुला मी काय सांगायचं.

फणस जेवतो बरा. गाजर अजूनही मागून खातो.

कळावे,
अभिनवची आई

*

हाटकेश
बुधवार, १५ जानेवारी

चि. स्वप्नालीस,
अनेक आशीर्वाद.

आग्नेसबाईंनी तुझा निरोप दिला. "ती बोलली, लागली कशी ते पयलं सांगा. आन न कापता जमत न्हाय का, ते नीट इचारा. मंग सही." एवढं बोलून बाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जशी मीच सुरी घेऊन बसले आहे.

अगं, कशी लागली म्हणजे? दारात चेमटली. आपलं ते लोखंडी जाळीचं दार किती जड आहे तुला माहीत आहे. वाऱ्यानं आपटलं आणि याची शेपटी मध्ये. मी स्वयंपाकघरात होते, मला काय स्वप्न पडणार होतं?

तू सांगितलंस म्हणून पुन्हा दवाखान्यात जाऊन आले. गळ्यात घालायची ती प्लास्टिकची कॉलर आणली. ती घालून हा पॅसेजमध्ये अडकला, पुढे जाईना की मागे येईना, शेवटी मी ढकलून बाहेर काढला. मग एसीच्या पाइपावर असतं ते काळं फोम आणून शेपटीवर चढवलं. ते त्यानं झटक्यात उडवलं, थेट फोडणीच्या कढईत. मग मी माझ्या अकलेनं हळद आणि तूप लावलं. म्हटलं, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या हळदीनं जखमा भरल्यात. बाई गं! शेपटी हलवली आणि भिंती पिवळ्या-लाल, फ्रिज पिवळा-लाल, देवघरावरचा पडदासुद्धा. मी पुसायला वाकले तर माझ्या तोंडावर एक फटकारा. डॉक्टर म्हणाले, "काकू, हळद भाजीत घाला."

वरून शेजारचे गुणवंतभाई. सेक्रेटरी झाल्यापासून त्यांना दहा डोळे फुटलेत. "आंटी, लिफ्ट में ब्लड के छींटे हैं, मेरी मिसेस सुबह देख के घबरा गई." लिफ्टला दिवाळीतच नवा रंग दिलाय. मी माफी मागितली, फडकं घेऊन लिफ्ट पुसली. या वयात लिफ्ट पुसतेय आणि हा शेजारी उभा राहून शेपटी हलवतोय, म्हणजे मी पुढे पुसतेय आणि हा मागे रंगवतोय.

तेव्हा तूच सांग, मी किती दिवस हे करू? डॉक्टरांनी २८ तारीख दिली आहे. मंगळवार आहे. सही लवकर पाठव.

तिळगूळ पाठवतेय, घरीच केलाय. तुला कडक वड्या आवडत नाहीत म्हणून लाडू वळलेत.

कळावे,
अभिनवची आई

*

हाटकेश
शुक्रवार, २४ जानेवारी

स्वप्नाली,

सकाळी सही मिळाली. सोबत तुझी दोन ओळींची चिठ्ठी. 'आई, तुम्ही रोज त्याचं करताय. तुम्ही म्हणताय दुसरा उपाय नाही, तर नसेल. तुमच्यावर सोडते.'

मी ती चिठ्ठी ओट्यावर ठेवली आणि भाकरी करपली. तू मला 'आई' लिहिलंस. मला वाटलं होतं, काकू लिहिशील, नाहीतर काहीच नाही. आणि 'तुमच्यावर सोडते'! असं कुणी लिहितं का? भांडायला आली असतीस तर बरं झालं असतं. भांडणात मी कधी हरले नाही, तुला माहीत आहे.

शेपटी दारात चेमटली नाही. खोटं लिहिलं होतं.

सांगते. तू गेलीस, मग अभिनव बंगलोरला गेला, आणि घरात मी आणि हा. मला कुत्री आवडत नाहीत हे मी कधी लपवलं नाही. तू लग्न होऊन आलीस ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात याचा पट्टा घेऊन. लोकांच्या सुना वाजतगाजत येतात, आमची भुंकत आली, असं मी सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरले होते. तू त्याला शिकवायचीस, मी भाजी घेऊन आले की, "फणस, कोण आलं बघ! आई आल्या!" आणि तो कान टवकारणं तर सोडच, डोळासुद्धा उघडायचा नाही. तू हसायचीस. मला राग यायचा. मेलं कुत्रंसुद्धा मला मोजत नाही, असं वाटायचं.

तर सगळे गेल्यावर हा दाराकडे तोंड करून पडून राहायचा. जेवायचा नाही. एकदा संध्याकाळी चहा टाकला होता, काय मनात आलं कोण जाणे, मी तुझ्यासारखाच आवाज काढून म्हटलं, "कोण आलं बघ! स्वप्नाली आली!" अगं, उठला काय, धावला काय, त्या अरुंद पॅसेजमध्ये गोल गोल फिरला. शेपटी या भिंतीवर, त्या भिंतीवर, चपलांच्या कपाटावर, जाळीच्या दारावर. आणि मी हसले. किती महिन्यांनी हसले असेन. घरात काहीतरी हललं, एवढ्यावर मी हसले बघ.

मग दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. मग रोजच. चहाची वेळ झाली की हा माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. मी म्हणायची, "स्वप्नाली आली." दार उघडून दाखवायची. बाहेर कुणी नाही. मग मी म्हणायची, "लिफ्टमध्ये अडकली वाटतं." तो लिफ्टकडे बघत बसायचा. माझा चहा संपेपर्यंत बसायचा. मग मी म्हणायची, "उद्या येईल हं," आणि दार लावायची.

एका मुक्या जनावराला मी रोज फसवलं, आणि तेही तुझ्या नावानं. माणसाशी खोटं बोललं तर तो एकदा फसतो, दोनदा फसतो, मग शिव्या देतो. हा रोज तितकाच धावायचा.

टोक फुटलं ते असं. भिंतीवर पहिला ठिपका दिसला तेव्हा मला वाटलं टोमॅटो उडाला. कळल्यावरसुद्धा मी दोन-चार दिवस नाव घेतलंच. सोडवत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात एवढं खूश करणारं आहे तरी कोण?" मी म्हटलं, "स्वभावच आहे त्याचा." त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

तर आता तुझं नाव बंद. तुझं पहिलं उत्तर आलं त्याच दिवसापासून बंद आहे. चहा मी स्वयंपाकघरातच उभ्याउभ्या पिते. जखम भरेल, आणि मंगळवारी डॉक्टरच म्हणतील, नको कापायला, असं मनात धरून बसलेय. तुझी सही देवापाशी ठेवली आहे, वापरावी न लागो.

राजश्री

*

हाटकेश
रविवार, २६ जानेवारी

स्वप्नाली,

आज बाईंचा फेरा नाही. पण रविवारी त्या भाईंदर पश्चिमेच्या बाजारात बसतात, तिथे रिक्षा करून जाऊन हे पत्र, आणि शुक्रवारचं राहिलेलंही, देणार आहे. बुधवारपर्यंत थांबले तर माझं मन फिरेल. माझी मला खात्री नाही.

जखम भरली नाही. काल पुन्हा फुटली.

सकाळी सोसायटीचं झेंडावंदन होतं. झाल्यावर फाफडा-जिलेबी होती, मी बशी घेऊन कोपऱ्यात उभी होते. गुणवंतभाई आले. मला वाटलं, झालं, पुन्हा लिफ्ट. तर म्हणाले, "आंटी, बुरा मत मानना. दीवार के उस तरफ हमारा मंदिर है. आपका फणस पूंछ मारता है ना, तो फोटो हिलता है. लेकिन वो तो ठीक है. मिसेस बोली, आंटी को बताओ, वो अच्छी बात है."

मी म्हटलं, "क्या अच्छी बात?"

"आप नीचे जाती हो ना, तब एकदम शांति. घंटा भर कोई आवाज नहीं. फिर लिफ्ट खुली, आपकी चप्पल की आवाज आयी, कि ठक ठक ठक चालू. हम लोग तो बोलते हैं, चलो, आंटी आ गयी."

मी म्हटलं, अहो, ते माझ्यासाठी नाही. ते दुसऱ्या कुणासाठी आहे. मी संध्याकाळी एक नाव घेत होते, आता बंद केलंय. ते हसले. "नाम-वाम हमको नहीं पता. हम तो छह महीने से सुन रहे हैं. सुबह दूध लेके आती हो तब भी, सब्जी लेके आती हो तब भी."

जिलेबी तशीच ठेवली आणि वर आले. लिफ्टनं नाही, जिन्यानं, चपला हातात घेऊन. दाराशी उभी राहिले, कान लावला. काही नाही. आत कुत्रा आहे असं वाटूसुद्धा नये. मग मी एक चप्पल खाली टाकली आणि पायात सरकवली. आणि ठक ठक ठक. दार उघडलं तर हा उभा, सगळं अंग हलतंय, आणि चपलांच्या कपाटाच्या कडेला ताजं रक्त.

स्वप्नाली, तुला खरं सांगू? मला आधी आनंद झाला. रक्त दिसत होतं तरी आनंद झाला. या घरात मी आले म्हणून कुणी इतकं खूश होतं, हे मला माहीतच नव्हतं. नवऱ्यालाही मी आल्याचं कळायचं ते चहा पुढे आला की. मी तिथेच फरशीवर बसले, त्याचं तोंड मांडीवर घेतलं आणि तो आणखी हलवायला लागला, आणि भिंतीवर आणखी उडायला लागलं. तेव्हा मला स्वतःची किळस आली.

मी नुसती बाहेरून घरात आले, तरी त्याला लागतं. नाव बंद करता आलं. घरी येणं कसं बंद करू?

आता राहिलेलं सांगते. हे सांगितलं नाही तर बाकी सगळं सांगून काही उपयोग नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोन उपाय सांगितले होते. एक कापणं. दुसरा, कुत्र्याला महिना-दोन महिने मोकळ्या जागेत ठेवणं, जिथे शेपटी हलवली तरी भिंत लागणार नाही. "सात वर्षं ही शेपटी वापरतोय तो, काकू. तोल सांभाळायला, दुसऱ्या कुत्र्यांशी बोलायला. मोकळी जागा मिळाली तर मी कापणार नाही. अंगणवालं कुणी आहे का तुमच्या ओळखीचं? पण मग त्याला पुन्हा या पॅसेजमध्ये आणू नका, परत फुटेल." मी लगेच म्हटलं, "नाही हो. आमचं कोण असणार?"

आणि मला माहीत होतं. आग्नेसबाईंनी सांगितलं होतं, तुझ्या घरासमोर केवढं अंगण आहे, बोंबील वाळत घालतात तेवढं. तू दिवाळीआधी त्यांच्याकडेच निरोप दिला होतास, 'आता जागा मिळाली, फणसला न्यायला येऊ का?' मी उलट निरोप पाठवला, की अभिनव नको म्हणतो. अभिनवला मी विचारलंच नव्हतं. त्याला कुत्र्याचं काही पडलेलं नाही.

तू गेलीस तेव्हा हा कुत्रा कधी एकदा जातोय असं मला झालं होतं. आणि जायची वेळ आली तेव्हा मी खोटं बोलून त्याला धरून ठेवला. आता दोनच गोष्टी होत्या. एक तर शेपटी राहील आणि तो जाईल, नाहीतर शेपटी जाईल आणि तो राहील. मी विचारसुद्धा केला नाही गं. भाजीवाल्याकडे जुडीची देठं मोडून द्यायला सांगावी तशी मी त्याची शेपटी द्यायला निघाले होते. आणि तुझ्याकडून सही मागवली, म्हणजे पाप निम्मं तुझ्या डोक्यावर.

पत्रं का लिहितेय तेही कळलं ना आता? फोनवर मला खोटं बोलता येत नाही. आवाज पडतो. तू ओळखलं असतंस.

तुझी सही परत पाठवतेय, दोन तुकडे करून. डॉक्टरांना फोन करून मंगळवार रद्द केला. ते नुसतं "बरं झालं" म्हणाले.

शनिवारी ये आणि त्याला घेऊन जा. महिन्या-दोन महिन्यांसाठी नाही. कायमचा.

राजश्री

*

हाटकेश
बुधवार, ५ फेब्रुवारी

स्वप्नाली,

शनिवारी दारावर जी चिठ्ठी डकवली होती, 'बाजारात गेलेय, किल्ली शेजारी आहे', ती खोटी होती. हे शेवटचं खोटं, असं म्हणावंसं वाटतंय. पण माझ्या म्हणण्याला आता किंमत किती, ते तूच ठरव.

मी शेजारीच होते. गुणवंतभाईंच्या देवघरात, भिंतीला टेकून, पाटावर. त्यांनी तुला किल्ली दिली तेव्हा मी त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं होतं. बिचारे देवाला नेमानं दिवा लावणारे गृहस्थ, त्यांनाही मी खोटं बोलायला लावलं. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. आणि दुसरी भीती अशी, की मी दारात उभी राहिले आणि तो तुझ्याबरोबर निघाला नाही तर? आणि तो मागे वळूनसुद्धा न बघता निघाला तर? दोन्ही बघायची ताकद नव्हती माझ्यात.

म्हणून भिंतीला कान लावून बसले. दाराचा आवाज आला. तू बोललीस, "फणस." एवढंच. आणि भिंत वाजायला लागली. स्वप्नाली, त्या बाजूनं ते कसं ऐकू येतं, मला पहिल्यांदा कळलं. त्यांच्या श्रीनाथजींचा फोटो खरंच हलतो. गुणवंतभाईंच्या बायकोनं उठून फोटोवर हात ठेवला, तशी ती रोज ठेवत असणार. माझ्यासाठी वाजते तशीच वाजत होती. कमी नाही, जास्त नाही.

मग तू हाक मारलीस. "आई?" थोडं थांबून पुन्हा एकदा. माझ्या आणि तुझ्यामध्ये विटेची एक भिंत होती. मी ओ दिली नाही. दिली असती तर रडू फुटलं असतं आणि तू मला समजावत बसली असतीस. तुझा तो स्वभाव आहे, आणि मला ते नको होतं. ज्यानं चूक केली त्याचीच समजूत काढायची, ही कुठली रीत?

तू बराच वेळ निघाली नाहीस. काय करत होतीस ते घरात गेल्यावर कळलं. पाणी पिऊन पेला धुऊन उपडा ठेवलास. आणि पॅसेजची भिंत पुसलीस. खालपासून वरपर्यंत, चपलांच्या कपाटाची कड, जाळीच्या दाराचे गज, सगळं. फडकं पिळून खिडकीत वाळत घातलंस. तुला कुणी सांगितलं होतं भिंत पुसायला? ते डाग माझे होते, मी बघत बसले असते. आता पॅसेज इतका स्वच्छ दिसतोय की मला तिथून जाववत नाही.

दूध घेऊन आले की लिफ्टपाशी चप्पल वाजते. मी अजून थांबते. सवय आहे, जाईल.

आज आग्नेसबाई आल्या. टोपली उतरवायच्या आधी म्हणाल्या, "अवो, मजेत हाय तुमचा फणस. बोंबलांच्या काठ्यांखाली पडलेला असतो. शेपूट नुसती हवेत हालवतो, कोनाला लागत न्हाय. खपली धरलीय." मी मांदेली घ्यायला वाकले आणि तशीच वाकून राहिले, तर बाई म्हणतात, "कंबर धरली काय?" मी म्हटलं, हो.

सोबत त्याचं भांडं पाठवतेय. भातात मीठ घालू नकोस. ताप असल्यासारखा वाटला तर कानाच्या आतल्या बाजूला हात लावून बघ. हे मी तुला सांगतेय, तुझ्याच कुत्र्याबद्दल. पण सांगू दे.

आणखी एक मागणं आहे. मला मागायचा हक्क नाही, म्हणून एकदाच मागते. खपली पक्की होईपर्यंत त्याच्यासमोर माझं नाव काढू नकोस. 'आई आल्या' म्हणू नकोस, गमतीतसुद्धा नाही. अंगण कितीही मोठं असलं तरी एखादा खांब असतोच.

पण जखम पूर्ण भरली की एखाद्या संध्याकाळी, त्याला अंगणाच्या मधोमध उभा कर, जिथे काहीच लागणार नाही, आणि एकदाच म्हणून बघ, "फणस, आई आल्या." आणि काय झालं ते बाईंकडून कळव.

हलली नाही तरी कळव. खरं काय ते सांग.

आई